मालवाहू ट्रकवरील साहाय्यक ऊर्जा संच : देखभाल, दोषनिदान आणि परभणी जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने शेतीवर आधारलेली आहे. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड व परभणी येथील बाजारपेठांतून कापूस, सरकी, सोयाबीन असा माल ट्रकनेच बाहेर जातो. कल्याण ते निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६१ (पूर्वीचा क्र. २२२) पाथरी, मानवत व परभणी या गावांवरून जातो. मालाच्या भावाची चर्चा सर्वत्र होते; परंतु तो वाहून नेणाऱ्या चालकाच्या झोपेची चर्चा क्वचितच होते. माल भरण्यासाठी वा उतरविण्यासाठी नंबर लागेपर्यंत चालकास केबिनमध्येच रात्र काढावी लागते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. अशा केबिनमध्ये पुरेशी झोप न झालेला चालक पहाटे पुन्हा सुकाणूवर बसतो, तेव्हा प्रश्न केवळ त्याच्या सुखसोयीचा राहत नाही, तर रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा होतो.

मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने सामान्यतः दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा घालून दिली होती. पुढे हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावण्यात आला. केंद्र शासनाच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या एन-२ व एन-३ गटांतील, म्हणजे ३.५ टनांहून अधिक एकूण (भारासह) वजनाच्या, मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. मात्र ही वातानुकूलन यंत्रणा सामान्यतः मुख्य इंजिनावर चालते. ट्रक उभा असताना काय करावे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. साहाय्यक ऊर्जा संच, म्हणजेच ऑक्झिलरी पॉवर युनिट (एपीयू), हे त्याचे एक उत्तर होय.

उद्दिष्टे :
१. साहाय्यक ऊर्जा संचाची संकल्पना व रचना स्पष्ट करणे.
२. त्याची देखभाल व दोषनिदान यांचा क्रम मांडणे.
३. परभणी जिल्ह्याच्या परिस्थितीत घ्यावयाच्या विशेष दक्षतेचा विचार करणे.

संकल्पना व आवश्यकता :
उभ्या ट्रकचे मुख्य इंजिन केवळ पंखा वा वातानुकूलनासाठी चालू ठेवल्यास ताशी सुमारे ३ लिटर डिझेल जळते. छोट्या इंजिनाचा साहाय्यक संच तेच काम ताशी सुमारे १ लिटरमध्ये करतो. आठ तासांच्या विश्रांतीत १६ लिटरची बचत होते. याशिवाय भारत टप्पा ६ च्या वाहनांत इंजिन दीर्घकाळ मंद गतीने चालल्यास धूर पुरेसा तापत नाही व धूरगाळणीत काजळी साचते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने शयनकक्ष असलेल्या ट्रकनाही २००८ पासून पाच मिनिटांहून अधिक काळ इंजिन चालू ठेवून उभे राहण्यास मनाई केली. त्यामुळे तेथे असे संच रुळले. भारतीय रेल्वेनेही हेच तत्त्व डिझेल इंजिनांवर वापरले. तेथे मुख्य इंजिनास उभ्या स्थितीत ताशी सुमारे २५ लिटर, तर साहाय्यक संचास सुमारे ३ लिटर इंधन लागते.

ट्रकच्या मूळ बॅटऱ्यांवरच वातानुकूलन का चालवू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत ३.६ किलोवॅट-तास ऊर्जा साठवितात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे हितावह नसल्याने वापरण्याजोगी ऊर्जा १.८ किलोवॅट-तास एवढीच उरते. सरासरी ६०० वॅट खेचणारे यंत्र त्यावर तीनच तास चालेल आणि पहाटे इंजिन सुरू करण्यास बळ उरणार नाही. म्हणून स्वतंत्र बॅटरीसंच किंवा स्वतंत्र इंजिन आवश्यक ठरते.

रचना :
डिझेलवरील संचात बहुधा दोन सिलिंडरचे छोटे इंजिन, अल्टरनेटर (गॅरेजच्या बोलीत 'डायनामो'), वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, रेडिएटर आणि नियंत्रण-पेटी असते. इंधन ट्रकच्याच टाकीतून येते. तेलाचा दाब घटल्यास किंवा इंजिन अति तापल्यास नियंत्रण-पेटी संच आपोआप बंद करते.

नियमित देखभाल :
संच रात्रभर चालतो, परंतु त्याने कापलेले अंतर शून्य असते. त्यामुळे देखभालीचा हिशेब किलोमीटरवर नव्हे, तर तासमापकावर ठेवावा लागतो. तेल, तेल-फिल्टर व डिझेल-फिल्टर बदलण्याचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार पाळावे. रोज तेलाची पातळी व गळती पाहावी. आठवड्यास पट्ट्याचा ताण, होजपाइप, बॅटरीची टोके व संच चौकटीस धरून ठेवणारे नटबोल्ट तपासावेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते हादऱ्याने सैल होतात. हिवाळ्यातही संच अधूनमधून थोडा वेळ चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरची सीले कोरडी पडत नाहीत.

दोषनिदान :
दोष शोधताना साध्या कारणापासून कठीण कारणाकडे जाणे हे सूत्र होय.

(अ) सेल्फ फिरत नाही : प्रथम बॅटरी पाहावी. विश्रांत स्थितीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मा भार. भार पुरेसा असूनही सेल्फ न फिरल्यास फ्यूज, गंजलेली टोके व अर्थिंगची तार तपासावी.

(आ) सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही : डिझेल, तुंबलेला फिल्टर, इंधन-नळीत शिरलेली हवा आणि थंडीत ग्लो प्लग या क्रमाने पाहावे. मुख्य टाकी जवळजवळ रिकामी असताना साहाय्यक संचास इंधन न मिळणे हा दोष नसून संरक्षण असते. त्याची नळी टाकीत मुद्दाम उंच ठेवलेली असते, जेणेकरून गाडी पंपापर्यंत जाईल एवढे डिझेल उरावे.

(इ) सुरू होऊन बंद पडते : नियंत्रण-पेटीवरील संकेत वाचावा. तेलाची पातळी, शीतद्रव व रेडिएटर तपासल्याशिवाय पुनःपुन्हा सुरू करणे म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी होय.

(ई) चालते, पण केबिन गार होत नाही : 'गॅस भरा' हा सल्ला सर्वप्रथम दिला जातो, तो बहुधा शेवटी द्यावयाचा असतो. आधी कंडेन्सरवरील कचरा, पट्टा, पंखा व केबिनमधील गाळणी पाहावी. गॅस खरोखर कमी असेल, तर गळती शोधल्याविना भरलेला गॅस पुन्हा निघून जातो.

(उ) चालते, पण बॅटरी भरत नाही : संच चालू असताना १२ व्होल्टच्या प्रणालीत १३.८ ते १४.४, तर २४ व्होल्टच्या प्रणालीत त्याच्या दुप्पट व्होल्ट मिळावयास हवेत.

सुरक्षितता :
बॅटरीचा भार घटताच अनेक संच आपोआप सुरू होतात. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी संच बंद करून बॅटरीचे ऋण टोक काढणे अनिवार्य आहे. अन्यथा पट्ट्यात बोटे सापडतात. त्याहून गंभीर धोका धुराचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. धूरनळीस चीर पडली असेल किंवा केबिनच्या तळाची रबरी सीले फाटली असतील, तर गार हवेत झोपलेला चालक उठणारच नाही, ही शक्यता उरते. धूरनळीची तपासणी म्हणूनच देखभालीच्या यादीत सर्वप्रथम यावी.

परभणी जिल्ह्याचा संदर्भ :
भारतीय ट्रकवर असे संच अद्याप सर्रास आढळत नाहीत. तथापि शीतवाहनांवरील स्वतंत्र इंजिने आणि डिझेल जनित्रे यांची देखभाल याच तत्त्वांवर चालते. या जिल्ह्यात दोन गोष्टी विशेष जाणवतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उडणारे तंतू रेडिएटर व कंडेन्सरच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ हवेच्या गाळणीत साचते. परिणामी इंजिन तापते व संच ऐन गरजेच्या वेळी बंद पडतो. जाळी आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने साफ करावी. जास्त दाबाने तिची पाती वाकतात.

निष्कर्ष :
१. उभ्या ट्रकमधील विश्रांतीचा प्रश्न केवळ वातानुकूलन अनिवार्य केल्याने सुटत नाही.
२. साहाय्यक संच इंधन वाचवितो. परंतु त्याची देखभाल तासांच्या हिशेबाने व्हावयास हवी.
३. बहुतेक बिघाड बॅटरी, इंधन व स्वच्छता यांच्याशी निगडित असून क्रमवार तपासणीने ओळखता येतात.
४. हा विषय भौतिकशास्त्र, वाणिज्य व कामगार कायदा यांना जोडणारा आहे. महाविद्यालये व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी स्थानिक गॅरेजच्या सहकार्याने त्यावर प्रात्यक्षिके घेतल्यास विद्यार्थ्यांच्या ज्ञानाचा उपयोग महामार्गावरील चालकापर्यंत पोहोचू शकेल.