ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

हातकणंगल्याचा शाळकरी मुलगा वहीच्या पहिल्या पानावर ‘तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर’ असे लिहितो, तेव्हा गावांची नावे वगळता उरलेले दोन्ही शब्द मूळचे अरबी आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. मूळ अरबी लिपीत ‘तालुक्या’त ऐन आणि काफ ही अक्षरे आहेत, ‘जिल्ह्या’त ज्वाद आणि पुन्हा ऐन, आणि अरबी शिकू लागल्यावर मकतबात (कुराणवाचनाच्या प्राथमिक वर्गात) वा पुढे मदरशात उस्ताद ज्या अक्षरांपाशी त्याला दहादा अडवतात, ती नेमकी हीच. ऐन घशातून काढावा लागतो, ज्वाद जिभेची कड वरच्या दाढांना लावून. घरी दखनी बोलणारा मुलगा तर काफचा सर्रास ‘ख’ करतो.

तथापि उच्चार ही खरी अडचण नव्हे. ‘नुरानी कायदा’ हे अरबी वाचनाचे पहिले पुस्तक संपवलेला मुलगा जेर-जबर-पेश ही स्वरचिन्हे लावलेले कुराण अस्खलित वाचू लागतो. पण ती चिन्हे नसलेला साधा अरबी मजकूर पुढे ठेवला की तो थबकतो, कारण वाक्यातील कर्ता कोणता आणि कर्म कोणते हे उमगल्यावाचून शब्दांती कोणता स्वर द्यावा हेच कळत नाही. इतर भाषांत वाचून समजते. येथे समजल्यावर वाचता येते. अर्थावाचून पाठांतर ही केवळ मदरशाची मिरास नव्हे, आपल्या वेदपाठशाळांनीही ती शतकानुशतके जपली आहे. मकतब या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘लिहिण्याची जागा’ असा आहे, आणि तेथे लेखणी फारशी उचलली जात नाही, ही गंमत नोंदवल्यावाचून राहवत नाही.

पुढे व्याकरण येते, आणि तेही आडवाटेने. दर्स-ए-निजामी या पारंपरिक अभ्यासक्रमातील ‘मीजान-उस्-सर्फ’ आणि ‘नह्व मीर’ ही आरंभीची अरबी व्याकरणे मुळात फारसीत लिहिलेली. त्यांची उर्दू रूपांतरे पुष्कळ झाली, तरी मराठी शाळेतून आलेल्या मुलाला अरबीसाठी आधी उर्दूचा उंबरा ओलांडावाच लागतो.

वास्तविक अरबीचे मर्म त्याच्या गावच्या तहसील कचेरीतच दडलेले आहे. ह-स-ल या तीन व्यंजनांच्या धातूपासून ‘हासील’ हे कर्तरी रूप होते, ‘महसूल’ हे कर्मणी आणि ‘तहसील’ हे क्रियावाचक नाम. अरबी शब्दरचना बव्हंशी अशाच साच्यांवर उभी आहे. प्रत्यय न लावता शब्दाच्या पोटात फेरफार करून होणारे अनेकवचन विद्यार्थ्यांना फार छळते, पण त्याचाही दाखला ‘अमीर-उमराव’ या आपल्या जोडशब्दात आयताच आहे: उमरा हे अमीरचेच अनेकवचन.

१९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारणाऱ्या शाहू महाराजांनी कुराणाच्या मराठी भाषांतरालाही द्रव्यसाहाय्य दिले होते. मराठीतून अरबीकडे जाण्याची ती वाट आज शाळेपर्यंत आणावयाची असेल, तर मराठी आणि अरबी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाने मराठी मुलांसाठी अरबीचे छोटेखानी व्याकरण लिहावे, आणि त्याचा पहिला धडा तहसील कचेरीच्या पाटीवरून घ्यावा.