कटिंग मशीनचं सेटिंग आणि आमची वही



मागच्या संक्रांतीला आमच्या गटाला वाणाच्या २०० पाकिटांची ऑर्डर मिळाली होती. पाकिटावर जाळीचा पतंग कापायचा आणि त्यातून आतला लाल कागद दिसायचा, असं ठरलं होतं. मशीन नवं होतं, कर्ज काढून घेतलेलं, तिसराच हप्ता चालू होता. सुरुवातीची पाकिटं झकास निघाली. मग कागद संपला, बाजारातून दुसरा गठ्ठा आणला, आणि त्यावर मशीननं नुसत्या रेघोट्या ओढल्या. दाब वाढवला तर पतंगाची शेपटी फाटून यायला लागली. दोन दिवसांत ४१ शीट वाया गेले. उरलेली पाकिटं आम्ही रात्री जागून कटरनं हातांनी कापली.

मशीनवर बसणाऱ्या काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "एखादी शिकलेली पोरगी बसवायला हवी होती." काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो, हे आज कबूल करतो. कारण चूक काकूंची नव्हतीच, आणि ते आम्हाला महिन्याभरानं कळलं. ते कसं कळलं, आणि त्यातून सेटिंग कसं लावायचं, तेच आज सांगायचं आहे.

मशीनच्या यादीत कागदांची जी नावं असतात, 'कार्डस्टॉक', 'पोस्टर बोर्ड' वगैरे, ती आपल्या बाजारातल्या कागदांची नावं नाहीत. क्रिकट, सिल्हूट ही मशीनं अमेरिकेतल्या कंपन्यांची. तिथं कागदाची जाडी पौंडात सांगतात. ६५ पौंडी कार्डस्टॉक म्हणजे आपला साधारण १७५ जीएसएमचा कागद, ८० पौंडी म्हणजे २१५ च्या आसपास. आपण दुकानात जाऊन "कार्डशीट द्या" म्हटलं, की दुकानदार हाताला येईल तो गठ्ठा देतो. तो १८० चा असेल, नाहीतर ३०० चा. रंग तोच, भाव थोडा वेगळा. आपण मात्र मशीनला दोन्ही वेळा 'कार्डस्टॉक' हेच सांगतो. कोथिंबीर आणि सुरण एकाच जोरानं कुणी चिरतं का? मशीनचं तसं झालं होतं.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो. गठ्ठ्यावर आकडा छापलेला नसेल तर एक सोपी युक्ती आहे. ए-४ मापाचे १६ कागद एकत्र केले की बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणून १६ शीट मोजायचे आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचे. जितके ग्रॅम भरतील तितका जीएसएम. आम्ही आधीच्या गठ्ठ्यातल्या उरल्यासुरल्या आणि नव्या गठ्ठ्यातल्या शीटचं असं वजन केलं. जुने १६ शीट १८० ग्रॅम भरले, नवे ३००. त्या काट्यासमोरच काकूंना फोन लावला.

आता सेटिंगकडे येऊ. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, बदलायच्या गोष्टी चारच: ब्लेड किती बाहेर आलंय, त्यावर दाब किती, ते किती वेगानं फिरतं आणि एकाच रेघेवरून किती वेळा जातं. सगळ्या मशीनांत चारही बदलता येतात असं नाही. सिल्हूटच्या हातानं फिरवायच्या ब्लेडवर १ ते १० आकडे असतात, एकेक आकडा म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि दाबाचे आकडे १ ते ३३. क्रिकटच्या एक्सप्लोर किंवा मेकरमध्ये नेहमीचं बारीक ब्लेड खालीवर करता येत नाही. तिथं दाबच कमी-जास्त करायचा आणि फेऱ्या वाढवायच्या. आपल्या कागदाचं नाव यादीत नसेल तर 'कस्टम' म्हणून नवं नाव टाकता येतं. आमच्या यादीत आता 'निळी पिशवी ३००' असं एक नाव आहे, कारण तो कागद निळ्या पिशवीत येतो.

ब्लेड फिरवता येत असेल तर ते किती बाहेर हवं याचा अंदाज हातानं घ्या. ब्लेडचा होल्डर मशीनमधून काढा आणि पेनसारखा धरून त्याच कागदाच्या तुकड्यावर एक रेघ ओढा. कागद पूर्ण कापला जावा आणि खालच्या पुठ्ठ्यावर हलकासा ओरखडा उमटावा, इतपतच. पुठ्ठ्यात खोल चर पडला तर ब्लेड जास्त बाहेर आहे. तसंच मशीनला लावलं तर चिकट मॅट कापली जाईल, आणि मॅट स्वस्त नसते.

मग चाचणी. पूर्ण पतंग कापायला लावू नका. कागदाच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरचा चौकोन आणि त्याच्या आत एक त्रिकोण, एवढंच. त्रिकोण अशासाठी की कागद फाटतो तो कोपऱ्यात. कापून झालं की मॅट बाहेर काढायची नाही. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालं. मॅट मशीनमध्येच असू द्या आणि सुईच्या टोकानं त्रिकोणाचा कोपरा उचलून बघा. अर्धवट कापलं असेल तर त्याच रेघेवरून आणखी एक फेरी मारता येते. एकदा मॅट बाहेर काढली की ती पुन्हा केसाइतक्या अंतरानंही त्याच जागी बसत नाही, आणि तो शीट गेलाच म्हणून समजा.

कागद कापला जात नाही, तंतू धरून राहतात, तेव्हा आपला हात आधी दाबाकडे जातो. आमचाही गेला होता. पण आधी ब्लेड काढून उजेडात बघा. त्याच्या टोकाशी कागदाचा कण अडकलेला असतो, आमच्यातही होता. घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करा आणि ब्लेडचं टोक त्यात आठ-दहा वेळा टोचून काढा, कण निघून जातो. त्यानंतरही कापलं नाही तरच दाब वाढवा, तोही एकदम नाही. दोन-तीन आकडे, पुन्हा चाचणी, पुन्हा दोन-तीन. जाड कागदाला आम्ही खूप दाब देण्यापेक्षा मध्यम दाबाच्या दोन फेऱ्या देतो. वेळ दुप्पट लागतो, पण कडा स्वच्छ येते.

फाटण्याचं कारण बहुतेक वेळा उलटं असतं. वेग जास्त, ब्लेड बोथट, किंवा कागद मॅटला नीट चिकटलेला नाही. मशीन वळणावर येतं आणि सैल कागदाला ओढून नेतं. वेग निम्म्यावर आणा. हँडमेड कागदाला तर सुरुवातच सगळ्यात कमी वेगानं करा, त्यातले चिंध्यांचे धागे ब्लेडला गुंततात. आणि एका बाजूला कापलं, दुसऱ्या बाजूला नाही, असं झालं तर सेटिंगला हातच लावू नका. मॅट तेवढ्या जागी झिजलेली किंवा वाकलेली असते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दाबही वाढवला, वेगही कमी केला आणि काम झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात.

डब्यांवरच्या नावांच्या स्टिकरचं व्हिनाइल वेगळं. त्यात वरचा पापुद्रा कापायचा असतो, खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. चाचणीचा त्रिकोण सुईनं उचलला की तो एकटा निघावा. खालचा कागदही सोबत आला तर दाब कमी करा. देवनागरी नाव कापताना आणखी एक पथ्य: अक्षरं, काने-मात्रा संगणकावर आधी एकसंध जोडून घ्या, त्या आज्ञेला 'वेल्ड' म्हणतात. नाहीतर शिरोरेषा जिथं एकमेकींवर येतात तिथं मशीन मधूनच कापतं आणि 'शेंगदाणे'चे सुटे तुकडे हातात येतात. केकवर लावायचं कागदी नाव असेल तर अनुस्वाराचा टिंब अक्षराला चिकटवून काढा, तो हमखास गळून पडतो.

पावसाळ्यात तोच कागद, तेच सेटिंग, तरी फाटतं. कागद दमट होऊन मऊ पडतो. २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्यामुळे कागदी मखरांचं काम आपल्याला श्रावणातच करायचं असतं. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा, आणि ब्लेड नवं लावा.

राहिली वही. साधी शंभर पानी. डाव्या पानावर कागदाचा कापलेला तुकडा चिकटवायचा, चाचणीच्या त्रिकोणासह. उजव्या पानावर १६ शीटचं वजन, दुकान, महिना, ब्लेड नवं की जुनं, दाब, वेग, फेऱ्या. चुकलेली चाचणीही चिकटवायची, ती फाडून टाकायची नाही. ही तुकडा चिकटवायची कल्पना काकूंचीच. त्यांचं म्हणणं, आकडा वाचायला वेळ लागतो, कागद बोटाला लगेच कळतो. आत्तापर्यंत वहीत २३ कागद झाले आहेत. नवा गठ्ठा आला की काकू आधी तुकडा चोळून बघतात, वहीतलं पान काढतात आणि तिथून दोन आकडे इकडेतिकडे करतात. हल्ली एका कागदाला दोन-तीन चाचण्या पुरतात, म्हणजे एका शीटचा कोपरा.

शेजारच्या गावच्या गटाचं मशीन वर्षभर कापडाखाली झाकून ठेवलेलं आहे. त्यांच्या ताई गेल्या आठवड्यात वही मागायला आल्या होत्या. आम्ही वही दिली नाही. मशीन वेगळं, ब्लेड वेगळं, आमचे आकडे त्यांना जसेच्या तसे चालणार नाहीत. त्यांना कोरी वही घेऊन बोलावलंय, येत्या मंगळवारी, सोबत त्यांच्या दुकानातले १६ शीट आणि झाकलेलं मशीन घेऊन. शिकवायला काकू आहेत.