काम हलले की उष्णता हलते

साकीनाक्याहून चांदिवलीमार्गे पवईकडे जाताना काही इमारती तुमच्या पाहण्यात आल्या असतील. इमारत भली मोठी, पण खिडक्या जेमतेम. गच्चीवर शीतनयंत्रांच्या रांगा, आवारात डिझेलवर चालणारी जनित्रे आणि एवढ्या पसाऱ्यात माणसे मात्र थोडीच. ही डेटा सेंटरे होत. चांदिवलीत एनटीटी आणि इक्विनिक्स या कंपन्यांची अशी केंद्रे आहेत. खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणखी कितीतरी. समुद्राखालून परदेशात जाणाऱ्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागतात, आणि बँका व शेअर बाजार याच शहरात आहेत. म्हणून ही गर्दी मुंबईत झाली.

या इमारतींत दिवसरात्र जे चालते त्याच्या दोन बाजू आहेत. एक बाजू संगणकाच्या कामाची आणि दुसरी वीज व थंडाव्याची. पुष्कळ ठिकाणी या दोन बाजू पाहणारी माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि वेगवेगळे पडदे पाहतात. एका पडद्यावर कोणते काम कोणत्या यंत्रावर चालले आहे ते दिसते, दुसऱ्यावर तापमान, वीज आणि पाण्याचा प्रवाह. हे दोन पडदे एकमेकांशी बोलू लागले तर काय होईल, आणि न बोलल्यास काय बिघडते, ते आज पाहू. यासाठी लागणारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. संगणकात शिरलेली वीज जाते कोठे? पंप पाणी वर चढवतो, तेव्हा विजेचा काही भाग पाण्याच्या स्थितिज ऊर्जेत साठतो. संगणक काय चढवतो? काहीच नाही. तो बेरजा करतो, अक्षरे इकडची तिकडे करतो, आणि उत्तर तारेतून बाहेर पाठवतो. त्या उत्तराबरोबर बाहेर पडणारी ऊर्जा नगण्य असते. म्हणजे आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. १० किलोवॉट वीज घेणारे संगणकांचे कपाट हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने १० किलोवॉटची शेगडीच समजा. मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळीतली तार तापल्याशिवाय नळी कामच करत नसे, त्यामुळे तेथे उष्णता उघड दिसत होती. आजच्या चिपमध्ये लाल झालेली तार दिसत नाही, एवढेच.

आता गणित करू. संगणकांच्या अशा उभ्या कपाटाला रॅक म्हणतात. १० किलोवॉटच्या रॅकमधून जाणारी हवा १० अंश सेल्सियसने तापू द्यायची असे ठरवले. हवेची विशिष्ट उष्मा सुमारे १००५ जूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. म्हणजे सेकंदाला सुमारे १ किलोग्रॅम हवा हवी. १ किलोग्रॅम हवा म्हणजे सुमारे ०.८३ घनमीटर. तुमचा वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच असेल, तर वर्गातली सगळी हवा हे एक रॅक साडेतीन मिनिटांच्या आत गिळून गरम करून टाकील. अशी शेकडो रॅक एका केंद्रात असतात.

ही गरम हवा थंड करायची, तिची उष्णता पाण्याला द्यायची, पाण्याची उष्णता गच्चीवरून बाहेरच्या हवेत सोडायची, असा प्रवास असतो. थंड देशांत हिवाळ्यात नुसती बाहेरची हवा आत घेतली तरी भागते. आपल्याकडे ती सोय नाही. शिवाय मुंबईत दमटपणा आडवा येतो. पाण्याचे बाष्पीभवन करून उष्णता घालवणारे शीतन-मनोरे असतात, पण हवेत आधीच भरपूर बाष्प असले की पाणी सावकाश उडते. कोरड्या नागपुरात कूलर गारवा देतो आणि बोरिवलीत नुसता चिकचिकाट वाढवतो, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने येथील शीतनयंत्रांना जास्त कष्ट पडतात. आणि ती चालवायला वीज लागते. उपनगरांच्या विजेचा एक भाग डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रातून येतो आणि तेथे कोळसा जळतो, हेही येथेच लक्षात ठेवा.

आता दुसऱ्या पडद्याकडे वळू. पूर्वी एका संगणकावर एक काम असे नेमून देत. एक यंत्र पगारपत्रकांचे, एक टपालाचे, एक तिकिटांचे. बहुतेक वेळ ही यंत्रे रिकामी बसत. पण रिकामे बसलेले यंत्र फुकट बसत नाही. २००७ साली बारोसो आणि होल्झले या गूगलच्या दोन अभियंत्यांनी एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिले, की त्या काळची चांगली यंत्रेदेखील काहीही काम नसताना पूर्ण कामाच्या जवळजवळ निम्मी वीज खात. नवी यंत्रे सुधारली आहेत, तरी रिकाम्या यंत्राची भूक शून्य झालेली नाही.

यावर तोडगा म्हणजे आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. एका खऱ्या यंत्रावर एक देखरेख करणारा प्रोग्रॅम बसवायचा आणि त्याने अनेक कामांना असे भासवायचे, की प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाला आहे. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली आणली तिचा गाभा हाच होता. २००३ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने त्यात मोठी सोय आणली. चालू असलेले आभासी यंत्र न थांबवता एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले.

हे कसे होते ते ऐकण्यासारखे आहे. समजा, तुमचा मित्र वहीत लिहीत बसला आहे आणि त्याला न थांबवता तुम्हाला ती वही उतरवून घ्यायची आहे. तुम्ही पहिल्या पानापासून सगळे उतरवता. तोवर त्याने काही पानांवर खाडाखोड केलेली असते. मग फक्त तीच पाने पुन्हा उतरवता. तेवढ्यात आणखी दोन-चार पाने बदलतात, ती उतरवता. दर फेरीला बदललेली पाने कमी होत जातात. शेवटी त्याला म्हणता, “एक क्षण पेन खाली ठेव,” राहिलेल्या चार ओळी उतरवता, आणि पुढचे लिखाण तुमच्या वहीत सुरू होते. संगणकाच्या स्मृतीची पाने अशीच उतरवतात. तो ‘एक क्षण’ बहुधा सेकंदाच्या अंशाएवढा असतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

याचा फायदा आकड्यांत पाहा. समजा, एक सर्व्हर रिकामा असताना २०० वॉट आणि पूर्ण कामात ४०० वॉट घेतो. असे १० सर्व्हर १० टक्केच कामात असतील तर प्रत्येकी २२० वॉट, एकूण २२०० वॉट. हेच काम २ सर्व्हरांवर गोळा केले तर दोन्ही ५० टक्के कामात, प्रत्येकी ३०० वॉट, एकूण ६००. उरलेले ८ बंद. १६०० वॉट वाचले!

वाचले खरे, पण खोलीने ते ऐकले का? मला वाटते, या विषयातली खरी गोम येथे आहे. काम हलवणाऱ्याने अर्धे दालन रिकामे केले, पण थंडावा पाहणाऱ्या यंत्रणेला ते कळलेच नाही, तर पंखे पूर्वीइतक्याच जोराने बंद यंत्रांवर थंड हवा फुंकत राहतात. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला की वीज आदर्श स्थितीत एक-अष्टमांशावर येते. एवढी मोठी बचत केवळ निरोप न मिळाल्याने हातची जाते. दुसरीकडे, गोळा केलेले काम नेमके अशा कोपऱ्यात जाऊन बसते जेथे हवा नीट पोचत नाही. तेथील यंत्रे तापतात. थंडावा पाहणारा माणूस, हा कोपरा एकाएकी का तापला याचा विचार करत सगळ्या दालनाचे तापमान खाली आणतो. एका कोपऱ्यासाठी सगळ्यांना हुडहुडी!

अमेरिकेतील ‘आश्रे’ या शीतन-अभियंत्यांच्या संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची मर्यादा सुचवली आहे. डेटा सेंटर म्हणजे बर्फघर असा समज आहे, त्याला काही आधार नाही.

दोन बाजू जोडायच्या कशा? संवेदक तर आधीपासून असतात. प्रत्येक रॅकच्या तोंडाशी तापमापक, विजेच्या पट्टीत प्रवाहमापक, पाण्याच्या नळात तापमापक. अडचण भाषेची असते. शीतनयंत्रे, जनित्रे ही कारखान्याच्या वळणाची यंत्रे. त्यांतली अनेक अजून १९७९ साली आलेल्या ‘मॉडबस’ भाषेत बोलतात. संगणकांच्या जाळ्याची भाषा वेगळी. मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवावा लागतो. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे अमुक आभासी यंत्र या क्षणी कोणत्या सर्व्हरवर आहे, तो सर्व्हर कोणत्या रॅकमध्ये आहे, आणि त्या रॅकला वीज व हवा कोठून मिळते. हा नकाशा चुकला तर बाकी सगळे व्यर्थ. कागदावर एक रॅक आणि जाग्यावर दुसरे, असे व्हायला वेळ लागत नाही.

जोडणी झाली तरी उतावीळपणा चालत नाही. घाटकोपर स्थानकावर एखादी गाडी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा झाली की काय होते ते तुम्ही पाहिले असेल. सगळे एकदम जिन्यावर. दुसरा फलाट भरतो, पहिला ओस पडतो. तापलेल्या रॅकवरून सगळी आभासी यंत्रे एकदम थंड रॅकवर धाडली तर हेच होते. थंड होता तो तापतो, मग सगळी परत, आणि हा झोका थांबत नाही. कारण वेळांचा फरक. काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत हलते, रॅकचे तापमान बदलायला त्याहून वेळ लागतो, आणि पाण्याच्या सगळ्या चक्राला आणखी. म्हणून शहाणा नियंत्रक शीतकपाटाच्या थर्मोस्टॅटसारखे दोन वेगळे आकडे ठेवतो. २७ अंश ओलांडून काही मिनिटे गेली तरच हालचाल. परत आणायचे ते २४ च्या खाली आल्यावर. आणि हलवायचे ते एकदोन करून. त्याहून चांगला उपाय म्हणजे आधी सांगणे. रात्री १ वाजता बँकेचा हिशेब सुरू होणार हे कामाच्या बाजूला ठाऊकच असते. तिने पाऊण वाजता निरोप धाडला तर थंडावा वेळेवर तयार राहतो.

या निरोपांची खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत दुपारी वीज आली, काही भागांत त्याहून उशिरा. असे झाले की डेटा सेंटरमध्ये क्षणाचाही खंड न पडता बॅटऱ्या भार उचलतात आणि लवकरच डिझेल जनित्रे सुरू होतात. संगणक चालूच राहतात. पण मोठी शीतनयंत्रे बहुधा बॅटरीवर नसतात. ती एकदा थांबली की पुन्हा पूर्ण जोमाने चालायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात काय होईल?

२० रॅक, प्रत्येकी १० किलोवॉट, म्हणजे २०० किलोवॉट. दालन १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच. आतली हवा सुमारे ३८४ किलोग्रॅम. सगळी उष्णता फक्त हवेत गेली तर तापमान सेकंदाला अर्ध्या अंशाने चढेल. २० सेकंदांत १० अंश! प्रत्यक्षात लोखंडही तापते. प्रत्येक रॅकचे वजन ५०० किलोग्रॅम धरले आणि ते सगळे हवेबरोबरच तापले असे मानले, तर १० अंशांना चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये. म्हणून थंड पाण्याची टाकी भरून ठेवतात आणि छोटे पंप व पंखे बॅटरीवर चालवतात. २०० किलोवॉट उष्णता ५ मिनिटे पोटात घ्यायला, पाणी ६ अंशांनी तापू दिले, तर सुमारे २४०० लिटर पाणी पुरते. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी याहून मोठी असेल.

आता समजा, जनित्र सुरू झालेच नाही. किती मिनिटांचा थंडावा उरला हे फक्त वीज-थंडाव्याच्या बाजूला माहीत असते. कोणते काम थांबवले तर चालेल हे फक्त आभासी यंत्रांच्या बाजूला माहीत असते. त्यांची जोडणी नसेल तर सगळे रॅक सारखेच तापत जातात आणि यंत्रे स्वतःच्या बचावासाठी आपापली बंद पडतात. कोणते आधी, कोणते नंतर, याला काही क्रम नसतो. जोडणी असेल तर टाकीतले पाणी १ अंशाने तापताच पहिला निरोप जातो. चाचणीसाठी चालू असलेली यंत्रे बंद होतात, मग उद्यावर ढकलता येणारे हिशेब, मग चित्रपट. त्याच वेळी रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणारे आभासी यंत्र खाडीपलीकडच्या केंद्रात पान-पान उतरू लागते. भार २०० किलोवॉटवरून ५० वर आला, की ५ मिनिटांचे पाणी २० मिनिटे पुरते.