नावातच फसवणारी कावीळ

आज मी आपल्याशी एका अशा आजाराविषयी बोलणार आहे, ज्याचं नावच माणसाला फसवतं. डॉक्टर त्याला 'हिपॅटायटिस बी' म्हणतात. आपल्या बोलण्यात ती 'पांढरी कावीळ'. कावीळ म्हटली की डोळे पिवळे, लघवी पिवळी, तोंडाची चव गेलेली, हे चित्र आपल्या मनात पक्कं असतं. या आजाराच्या बहुतेक जुन्या रुग्णांत मात्र पिवळेपणाचा मागमूसही नसतो. माणूस शेतात राबतो, होडीवर जातो, अंधेरीची लोकल पकडतो आणि विषाणू यकृतात मुक्काम ठोकून असतो.

गावाकडे कावीळ उतरवणारे असतात. कुणी डोक्यावर मुळ्यांची माळ घालतं, ती हळूहळू गळ्यात उतरते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतं. गुण आला, असं लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. श्रेय माळेला मिळतं.

'बी'चं गणित निराळं. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. धडधाकट प्रौढ माणसाला लागण झाली, तर शंभरातले सुमारे ९५ जण सहा महिन्यांत तिच्यातून सुटतात. पण जन्मतः किंवा तान्हेपणी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे ९० जणांत ती कायमची राहते. पुढे वीस-तीस वर्षांनी, कसलीही वर्दी न देता, त्यांतल्या काहींचं यकृत आक्रसतं किंवा त्याला कर्करोग होतो. पोटात पाणी झालं म्हणून पेशंट मुंबईला आणला जातो, तेव्हा दुखणं त्याच्याइतकंच वयस्क झालेलं असतं.

हा मुकेपणा किती असतो, याचं आपल्या उपनगरातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे जुहूला राहणारे अमिताभ बच्चन. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात ते जबर जखमी झाले. तेव्हा सुमारे दोनशे रक्तदात्यांचं रक्त त्यांना दिलं गेलं आणि त्यांतल्या एकाच्या रक्तातून हा विषाणू आला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. ते कळलं जवळजवळ वीस वर्षांनी, साध्या तपासणीत. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना हिपॅटायटिसविरोधी कामासाठी सदिच्छादूत नेमलं. ज्यांच्या दिमतीला मोठे डॉक्टर, त्यांना वीस वर्षं पत्ता लागला नाही. मग तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा जाणाऱ्याला कसा लागावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळजवळ तीन कोटी लोकांत हा विषाणू मुक्कामाला होता. जगभरातल्या अशा शंभर लोकांपैकी जेमतेम तेरांना आपला आजार माहीत होता.

आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही. तीच सुई दुसऱ्याला वापरली, की विषाणूला आयतं वाहन मिळतं. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजांमुळे साथ पसरून अनेक जण दगावले. हा विषाणू शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरतो. म्हणून न्हाव्याचा वस्तरा, कान टोचायची तार, गोंदणाची सुई, सुंतेचं पातं, सगळीकडे एकच नियम हवा : दर माणसाला नवं किंवा नीट निर्जंतुक केलेलं. यात कुठल्या धर्माचा वा रीतीचा अपमान नाही.

आता आमच्या कोकणातली गोष्ट. श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंतची कितीतरी मुलं आखाती देशांत नोकरीला जातात. व्हिसासाठी मुंबईत 'मेडिकल' असतं. जोगेश्वरी-कुर्ल्याच्या नातेवाइकाकडे मुलगा उतरतो, रक्त देतो आणि कागदावर 'अनफिट' येतं. आपल्याला हा आजार आहे, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. घर गहाण, बहिणीचं लग्न ठरलेलं. नोकरी गेली एवढंच तो गावी सांगतो, कारण सांगत नाही. मग महिनाभरात 'निगेटिव्ह' करून देतो म्हणणारे भेटतात आणि उरलेले पैसेही जातात.

खरं तर त्याला कुणीतरी नीट समजावायला हवं असतं. या आजाराला मुळासकट उपटणारं औषध अजून नाही. पण विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या आहेत. त्या प्रत्येकाला लागतातच असं नाही. यकृताची तपासणी आणि रक्तातल्या विषाणूचं प्रमाण पाहून डॉक्टर ठरवतात. ठरावीक मुदतीनं तपासणी करत राहावी, दारूला हात लावू नये आणि सुरू केलेल्या गोळ्या मनानं थांबवू नयेत. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी.

लस स्वस्त झाली तीही आपल्याच देशात. आयात लसीच्या एका डोसाला शेकडो रुपये पडत, तेव्हा १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस बाजारात आणली. २००२ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत सरकारी लसीकरणात ती आली, २०११ पासून देशभर. म्हणजे आज पंचविशी-तिशी ओलांडलेल्या, खेड्यात वाढलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं.

आणि एक जपायचं. ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्याल्यानं, मिठी मारल्यानं हा आजार होत नाही. लस दिलेल्या बाळाला आईचं दूध बिनधास्त पाजावं. रुग्णाचं ताट वेगळं केलं, की तो आजार लपवायला शिकतो. लपवलेला आजार घरात पसरतो.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. घाटकोपर-मुलुंडहून गावी निघताना तिच्या रक्ततपासणीची फाइल बऱ्याचदा इथेच राहते. ती पिशवीत आधी घाला. आई पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, तेही काही तासांतच. आई पॉझिटिव्ह असो वा नसो, लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचायचा असतो. बारशाची तारीख मागाहून काढा. बाळ झाल्याचा फोन आला, की पेढे कधी हे विचारण्याआधी एवढंच विचारा : पहिल्या दिवसाची काविळीची लस दिली का?