रिहे खोऱ्यातला पक्ष्यांचा वसंत

फाल्गुन-चैत्रात मुळशी तालुक्यातल्या रिहे खोऱ्यात भातखाचरे कोरडी पडलेली असतात आणि झाडे फुललेली. काटेसावर, पळस, पांगारा फुलले की बुलबुल, साळुंक्या, कोतवाल आणि सूर्यपक्षी मकरंदासाठी गर्दी करतात. परतीच्या वाटेवरच्या भोरड्याही त्यांत मिसळतात. मध्य आशियात वीण घालणारे हे गुलाबी अंगाचे पक्षी एप्रिलअखेरपर्यंत निघून जातात.

पाणवठ्यावर याच दिवसांत मोठी उलथापालथ होते. चक्रवाक आणि थापट्या बदके उत्तरेकडे सरकतात. पिवळा धोबी मात्र जाण्यापूर्वी पिसे बदलतो, त्यामुळे हिवाळ्यात मळकट दिसणारा नर मार्चमध्ये पिवळाधमक दिसतो. ओळख पटवायला हाच काळ उत्तम.

टिटवी इथेच राहते आणि वसंतापासून वीण घालते. उघड्या माळावरच्या खळग्यात बहुधा चार अंडी, टोके आत वळवलेली. त्यांचा रंग खड्यांशी इतका जुळतो की दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. ऊन वाढले की टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. म्हणूनच ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर छायाचित्राचा मोह सोडून मागे फिरणे अत्यावश्यक असते. पालक दूर राहिले तर अंडी उन्हात तापतात.

निरीक्षणासाठी सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. मोठ्या थव्यांसाठी भिगवणचा उजनी जलाशय किंवा 2020मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर गाठावे.