बाळंतिणीलाही विचारा

बाळंतपणाला मी माहेरी, उज्जैनला आले. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कशाचीच कमी नव्हती. येणारं प्रत्येक जण विचारायचं, "बाळ झोपतं का?" बाळ झोपायचं, मीच रात्रभर जागी, रडत. आई म्हणाली, "दृष्ट लागली असेल."

महिना उलटला. एका रात्री वहिनीने बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तू कशी आहेस गं?" तेव्हा मी पहिल्यांदा सगळं बोलले. सकाळी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

बाळंतपणानंतरचं हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. उदासी त्यापुढेही टिकली तर तो आजार असू शकतो. उपचारांनी तो बरा होतो. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे.

बाळ बघायला जाल, तेव्हा आधी बाळंतिणीची विचारपूस करा.