किमो लागू पडेल का, हे आधी कळतं का?

मूत्राशयाचा कर्करोग आणि जनुकांची तपासणी
(गेवराई येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव पत्रिकेवर जरा जड छापलंय, पण प्रश्न साधा आहे. लघवीच्या पिशवीचा कर्करोग झालेल्या माणसाला किमो द्यायची आहे. ती त्याला लागू पडणार की नाही, हे त्याच्या गाठीकडे बघून आधीच सांगता येईल का? हल्ली घरचे लोक मोबाइलवर वाचून येतात आणि विचारतात, "डॉक्टर, ती जनुकांची तपासणी करू का? पैशाचं बघतो आम्ही." पैशाचं बघतो म्हणजे काय, हे या तालुक्यात मी वेगळं सांगायला नको. म्हणून हा विषय घेतला.

आधी पिशवीबद्दल थोडं. मूत्राशयाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं आणि त्याच्या बाहेर स्नायूचा थर. कर्करोग सुरू होतो अस्तरात. चारातल्या साधारण तिघांमध्ये निदानाच्या वेळी तो अस्तरापुरताच असतो. दुर्बिणीतून खरवडून काढायचा, पिशवीत औषध सोडायचं, वर्षानुवर्षं नजर ठेवायची. चौथ्या माणसाचा रोग स्नायूत शिरलेला असतो. आजचं सगळं बोलणं या चौथ्या माणसाबद्दल आहे.

आपल्याकडे हा चौथा माणूस उशिरा येतो. लघवीतून रक्त गेलं की पहिला शब्द निघतो, "उन्हाळी लागली." मग सब्जा, धन्याचं पाणी. दोन-चार दिवसांत रक्त थांबतं, कारण या रोगात ते मधून मधून येतं आणि थांबतं. माणसाला वाटतं, उतारा पडला. बायांच्या बाबतीत तर आणखी वेळ जातो. पाळीचं असेल, जंतुसंसर्ग असेल, असं म्हणून गोळ्यांवर गोळ्या. न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं तरी, चाळिशीपुढच्या माणसाने तपासून घ्यायचं. विडी ओढणाऱ्याने तर नक्कीच. तंबाखूचा धूर हे या रोगाचं सगळ्यात मोठं कारण आहे.

स्नायूत शिरलेल्या रोगाचा ठरलेला उपचार म्हणजे आधी सिसप्लॅटिन असलेली किमो आणि मग मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया. पिशवी काढली की बहुतेकांना पोटावर बाहेरची पिशवी लावून जगावं लागतं. आता हे ऐकल्यावर प्रत्येकाच्या मनात दोन प्रश्न येतात. किमो लागूच पडणार नसेल, तर तिच्यात तीन महिने का घालवायचे, सरळ ऑपरेशन का नको? आणि किमोने गाठ पूर्ण गेली, तर पिशवी का काढायची? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर अडलंय: आधी कळतं का?

याचा आधार असलेला एक मोठा अभ्यास २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ३१७ रुग्ण. अर्ध्यांना आधी किमो, मग शस्त्रक्रिया. अर्ध्यांना सरळ शस्त्रक्रिया. काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा किमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांत कर्करोगाचा अंशही सापडला नाही. आणि किमो न घेतलेल्यांत? १५ टक्के. थांबा जरा. किमो दिलीच नाही, तरी शंभरातल्या पंधरांची पिशवी स्वच्छ निघाली. कारण बायोप्सीच्या वेळी दुर्बिणीतून गाठ खरवडली होती आणि त्यांच्यात तेवढ्यानेच ती निघून गेली होती. हा आकडा लक्षात ठेवा. "अमुक खूण असलेल्यांची गाठ नाहीशी झाली" असं कुणी सांगितलं, तर त्यातलं किती किमोचं आणि किती खरवडण्याचं, हे विचारायला लागतं.

त्या अभ्यासात किमो घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान ७७ महिने होतं, न घेतलेल्यांचं ४६. म्हणजे एकूण गटाला फायदा आहे. पण शंभरातल्या ६२ जणांच्या पिशवीत किमोनंतर काही ना काही उरलं होतं. काहींची गाठ लहान झाली, काहींची ढिम्म हलली नाही. ही ढिम्म न हलणारी माणसं आधी ओळखायची आहेत.

आता सिसप्लॅटिन काम कसं करतं ते बघू, कारण खूण तिथेच लपलेली आहे. त्याची गोष्टही मजेशीर आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू मरेनात, पण एकाचे दोनही होईनात. नुसते दोऱ्यासारखे लांबत गेले. करामत विजेची नव्हती. विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून काहीतरी पाण्यात उतरत होतं. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९७८ साली अमेरिकेत त्या पदार्थाला औषध म्हणून मान्यता मिळाली.

पेशीतला डीएनए म्हणजे बॅगेची चेन समजा. पेशीची दुसरी पेशी व्हायची, तर चेन उघडली पाहिजे. सिसप्लॅटिनमधला प्लॅटिनमचा अणू काय करतो, तर बहुतेक वेळा एकाच बाजूचे शेजारचे दोन दात एकमेकांना डकवून टाकतो. चेन तिथे वाकडी होते, रनर अडकतो. पेशी मरणार. पण पेशीकडे दुरुस्तीवाले असतात. ते येतात, वाकलेल्या जागी चेन थोडी उघडतात, खराब तुकडा कापतात, नवा बसवतात. या टोळीतला चेन उघडणारा गडी ज्या जनुकावरून तयार होतो, त्याचं नाव ईआरसीसी-२. काही रुग्णांच्या गाठीत हे जनुकच बिघडलेलं असतं. उघडणारा गडी कामाचा नाही, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून सिसप्लॅटिनचा घाव कायम. गंमत अशी, की त्याच माणसाच्या बाकी शरीरात हे जनुक धड असतं. म्हणजे कर्करोगाच्या पेशीत जी खोट, तीच आपल्या फायद्याची.

२०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ५० रुग्णांच्या गाठींची जनुकं वाचली. २५ जण असे, की ज्यांची गाठ किमोने जवळपास पूर्ण गेली. २५ असे, की जिचं काही झालं नाही. लागू पडलेल्या २५ पैकी ९ जणांत ईआरसीसी-२ बिघडलेलं होतं, दुसऱ्या गटात एकातही नाही. २०१६ साली वेगळ्या ४८ रुग्णांत तपासलं: लागू पडलेल्या २० पैकी ८ जणांत बिघाड, न पडलेल्या २८ पैकी २ जणांत. दोन वेगळ्या गटांत एकच गोष्ट दिसली, म्हणजे योगायोग नव्हे. मलाही ही खूण सगळ्यांत खरी वाटते, कारण तिच्यामागे कारण दिसतं. नुसता आकड्यांचा मेळ नाही. एटीएम, आरबी-१, फॅन्क-सी अशा आणखी काही जनुकांचीही नावं याच सुमारास पुढे आली.

मग अडतं कुठे? त्या पहिल्या आकड्याकडे परत बघा. २५ पैकी ९. म्हणजे ज्यांना किमो उत्तम लागू पडली, त्यांतल्या १६ जणांत हा बिघाड नव्हताच. स्नायूत शिरलेल्या सगळ्या रुग्णांत मिळून तो साधारण दहातल्या एकात सापडतो. तेव्हा अहवालात "बदल आढळला नाही" असं आलं, तर त्यावरून किमो निरुपयोगी असं म्हणता येत नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण नेमका इथेच घोटाळा होतो. अहवाल येतो, घरचे म्हणतात, "निगेटिव्ह आलाय, आता किमो कशाला?" आणि लागू पडू शकणारी किमो टळते.

आणखी एक. त्या ५० जणांत मधले लोक घेतलेच नव्हते; दोन टोकं निवडली होती. शोध घेताना ते बरोबर आहे. पण आपल्यासमोर बसलेला माणूस कुठल्या टोकाचा आहे, हे कुणालाच माहीत नसतं.

बरं, बदल सापडला तर? तर मग पिशवी वाचवता येईल का? फिलाडेल्फियात हाच प्रयोग झाला. गाठीत अशा चार जनुकांपैकी एखादा बदल आहे आणि किमोनंतर दुर्बिणीतून काही दिसत नाही, अशा रुग्णांची पिशवी ठेवली, नुसती नजर ठेवली. काहींची पिशवी खरंच टिकली. पण निम्म्याहून अधिक जणांत कर्करोग कुठल्या ना कुठल्या रूपात परत आला. दुर्बिणीला न दिसणं आणि रोग नसणं, यांत अंतर आहे. म्हणून नुसत्या खुणेच्या भरवशावर पिशवी ठेवावी, असं आज कुणी जबाबदार डॉक्टर सांगणार नाही.

इथे खुणांचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. रान मुरमाड आहे, म्हणजे त्यात कुठलंही पीक कमीच येणार. ही एक माहिती झाली. या रानात कापूस लावू की बाजरी, हे सांगणारी माहिती वेगळी. पहिल्या प्रकारची खूण रोग किती आडदांड आहे ते सांगते. दुसरी सांगते, की हे औषध इथे चालेल. पुष्कळदा पहिलीच दुसरी म्हणून खपवली जाते. पी-५३ नावाच्या प्रथिनाचं तसंच झालं. गाठीत ते जास्त दिसलं म्हणजे रोग वाईट आणि किमोने फायदा, अशी खात्री होती. मोठी चाचणी घेतली, ४९९ जणांच्या गाठी तपासल्या. २०११ साली निकाल आला. फायदा तर दिसलाच नाही, पण रोग वाईट असतो हे पहिलं म्हणणंही टिकलं नाही. पुढे जनुकांच्या हालचालीवरून गाठींच्या जाती पाडल्या गेल्या, गणिती गुण काढले गेले. अभ्यासाला चांगलं आहे. औषध ठरवायला अजून नाही.

मग जनुकांची तपासणी कधीच करू नये का? तसं नाही. रोग शरीरात पसरलेला असेल, तर एफजीएफआर-३ हे जनुक तपासण्याला अर्थ आहे, कारण त्या बदलावर चालणारं एर्डाफिटिनिब नावाचं औषध आहे. अशा बदलाच्या, आधी इम्युनोथेरपी झालेल्या रुग्णांत त्याची किमोशी थेट तुलना झाली: मध्यम आयुर्मान १२.१ महिने विरुद्ध ७.८. इथे अहवाल आला की निर्णय बदलतो. माझी कसोटी एवढीच आहे. तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, "हो आलं तर काय करणार? नाही आलं तर काय करणार?" दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर ते पैसे प्रवासाला ठेवा.

प्रवास म्हटलं, कारण गेवराईचा माणूस आधी बीडला जातो, मग संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कुणी बार्शीला, कुणी परळला टाटामध्ये. या धावपळीत खरे निर्णय ज्यांच्यावर होतात, त्या खुणा साध्या आणि स्वस्त आहेत. पहिली म्हणजे मूत्रपिंड. सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं. त्याची गाळण्याची क्षमता मिनिटाला ६० मिलिलीटरपेक्षा कमी असेल, तर सहसा देत नाहीत. मग कुणी म्हणतं, कार्बोप्लॅटिन देऊ. शस्त्रक्रियेआधी त्याचा तसा फायदा सिद्ध झालेला नाही. अशा वेळी सरळ शस्त्रक्रिया बरी. पण कधी कधी गाठीने लघवीची नळी दाबलेली असते, म्हणून मूत्रपिंड तुंबलेलं असतं. नळी टाकून ते मोकळं केलं, तर आकडा सुधारतो आणि किमो देता येते. ऐकायला कमी येतं का, हातापायाला मुंग्या येतात का, हृदय कसं आहे, हेही बघतात, कारण या सगळ्यावर सिसप्लॅटिनचा ताण येतो.

दुसरी खूण बायोप्सीच्या अहवालातली. तुकड्यात स्नायू आलाय का? तोच आला नसेल, तर रोग स्नायूत आहे की नाही हे कळणारच नाही, आणि पुन्हा खरवडावं लागतं. अहवाल वाचताना ही ओळ शोधा.

तिसरी, वेळ. किमोची आवर्तनं साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने, एकूण तीन महिने. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेला माणूस दर तीन आठवड्यांनी कसा येणार? मुकादमाची उचल डोक्यावर असते. हा प्रश्न जनुकांचा नाही, पण किमोच्या निकालावर याचा परिणाम होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची किमो बसते. पहिल्याच भेटीत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

आता दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो.

एका ताईंनी लिहिलंय, "वडिलांच्या गाठीत असा बदल निघाला, तर आम्हा मुलांना धोका आहे का?" ताई, ईआरसीसी-२ चा हा बदल सहसा गाठीत नव्याने झालेला असतो, रक्तातून मुलांकडे आलेला नसतो. घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग अनेकांना, तोही कमी वयात झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना ते जरूर सांगा. तो वेगळा विषय आहे.

दुसरी चिठ्ठी: "आत्ता तपासणी केली नाही आणि पुढे लागली तर?" चांगला प्रश्न आहे. बायोप्सीचा तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. पुढे सहसा त्यातून जनुकं तपासता येतात, पण तुकडा काढल्या काढल्या नीट फॉर्मलिनमध्ये ठेवलेला हवा. मोठ्या रुग्णालयात जाताना नुसता कागदी अहवाल नेऊ नका. ब्लॉक आणि काचा मागून घ्या, डबीवर नाव नि नंबर आहे का बघा, आणि ती डबी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण आहे ते.